‘पेनिसिलीन चालत नाही’ : एका शेऱ्याचा इतिहास

श्रोतेहो, दवाखान्यात सुई टोचण्यापूर्वी डॉक्टर एक प्रश्न हटकून विचारतात, “कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?” अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरपासून जामखेडपर्यंत कोठेही जा, या प्रश्नाला एक उत्तर कानावर येतेच : “डॉक्टर, मला पेनिसिलीन चालत नाही.” डॉक्टर केसपेपरवर लाल शाईने तसा शेरा मारतात आणि दुसरे औषध लिहून देतात. पुढे तो शेरा त्या माणसाची जन्मभर पाठ सोडत नाही.

हे कोणी ठरवले, केव्हा ठरवले आणि कशावरून ठरवले, असे विचारले तर उत्तर मिळते, “लहानपणी आई म्हणायची.” किंवा, “आमच्या चुलत्यांना रिअॅक्शन आली होती.” या उत्तरांना हसू नये. त्यांच्यामागे एक खरी भीती आहे आणि त्या भीतीला इतिहास आहे. हे औषध आपल्याकडे कसे आले, भीती कशी आली आणि त्या भीतीची पारख पुढे कशी झाली, ते आज आपण क्रमाने पाहू.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बशीत बुरशी आलेली दिसली, आणि बुरशीभोवतालचे जंतू मेलेले दिसले. शिळ्या भाकरीवर हिरवट बुरशी येते ना, तिच्याच कुळातली ही बुरशी. तिच्यापासून औषध करण्याचे अवघड काम पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली या मंडळींनी केले. १९४१ साली त्यांनी एका पोलीस शिपायाला ते टोचले. रक्तात विष भिनलेला तो माणूस सुधारू लागला, पण औषध संपले. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन पुन्हा काढून टोचले, तेही पुरले नाही आणि शिपाई दगावला. इतके ते औषध दुर्मिळ होते.

आपल्या नगर रस्त्याशी या औषधाची एक आठवण जोडलेली आहे. १९४४ साली या रस्त्याच्या एका टोकाला, नगरच्या किल्ल्यात, पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदी नेते कैदेत होते. दुसऱ्या टोकाला, पुण्याजवळच्या आगाखान महालात, गांधीजी आणि कस्तुरबा स्थानबद्ध होते. फेब्रुवारीत कस्तुरबांचे दुखणे विकोपाला गेले. त्यांच्यासाठी पेनिसिलीन विमानाने मागवण्यात आले. परंतु ते वरचेवर टोचावे लागणार हे कळल्यावर, अखेरच्या घटकांत तिला हा त्रास नको असे गांधीजींनी ठरवले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. विमानाने मागवावे लागणारे हे औषध त्या वेळी सामान्य शेतकऱ्याच्या पोराला कोठून मिळणार?

स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांच्या आत चित्र पालटले. नेहरू पंतप्रधान असताना, १९५४ साली, पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी तिला साहाय्य केले. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्याच सुमारास जगभर यॉज नावाच्या त्वचेच्या व हाडांच्या रोगाविरुद्ध मोहीम निघाली होती. भारतातही १९५२ पासून जंगलपट्टीतल्या आदिवासींना लांबवर पुरणारे पेनिसिलीन टोचले गेले. एका सुईत जुनाट जखमा भरून येत. साहजिकच सुईवर लोकांचा विश्वास बसला. गोळीपेक्षा सुई खरी, असे वाटू लागले आणि सर्दी-पडशालासुद्धा पेनिसिलीन टोचले जाऊ लागले.

भीती नेमकी येथेच शिरली. लाखो सुया टोचल्या जाऊ लागल्यावर क्वचित घडणारी गोष्टही डोळ्यांसमोर घडणारच. १९४९ साली अमेरिकेत पेनिसिलीनच्या ॲलर्जीने झालेल्या मृत्यूची नोंद वैद्यकीय पत्रिकेत छापली गेली. सुई टोचली, काही क्षणांत अंगावर गांधी उठल्या, घसा दाटला, नाडी हरपली. असे एका गावात घडले की दहा गावांत त्याची बातमी जाते. बरे झालेल्या हजारांची बातमी मात्र कोठेच जात नाही.

असे का होते, तेही समजून घ्या. आपल्या शरीरात परक्याला ओळखणारे राखणदार असतात. पेनिसिलीनचा रेणू लहान असतो, एरवी त्याच्याकडे राखणदाराचे लक्षही जायचे नाही. पण या रेणूतली एक कडी शरीरात गेल्यावर उघडते आणि रक्तातल्या प्रथिनांना अडकून बसते. मग घरचेच प्रथिन परके दिसू लागते. काही माणसांच्या शरीरात त्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार होते. १९६० च्या दशकात ते शास्त्रज्ञांना सापडले आणि आयजीई या नावाने ओळखले जाऊ लागले. पुन्हा औषध आले की हे प्रतिद्रव्य एकदम गजर करते. गांधी, सूज, धाप आणि रक्तदाब कोसळणे, हा सारा त्या गजराचाच गोंधळ.

मग धोका किती? १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत यावर मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील अंदाज असा : पेनिसिलीन दिलेल्या दहा हजार माणसांत दीड ते चार जणांना असा तीव्र झटका येतो, आणि एक लाखात दीड ते दोन माणसे दगावतात. म्हणजे धोका खरा आहे, पण फार विरळा आहे. शेरा मात्र विरळा नाही. अमेरिकेत दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाच्या कागदावर पेनिसिलीनच्या ॲलर्जीचा शेरा असतो. अशा लोकांची नीट तपासणी केली, तेव्हा शंभरातील नव्वदांहून अधिक जणांना पेनिसिलीन बिनधोक चालले!

एवढे खोटे शेरे आले कोठून? याची कारणे आपल्या घरातच सापडतील. पोराला विषाणूचा ताप आला, औषध दिले, तिसऱ्या दिवशी पुरळ उठले. पुरळ बहुधा तापाचेच असते, बोल औषधाला लागतो. कोणाला मळमळले, जुलाब झाले. तो औषधाचा त्रास खरा, पण ती ॲलर्जी नव्हे. कोणाला सुईच्या भीतीने भोवळ आली. चुलत्यांना त्रास झाला म्हणून पुतण्याने औषध टाळावे, यालाही आधार नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खरी ॲलर्जीसुद्धा बहुधा कायमची नसते. ज्यांच्या अंगात ते प्रतिद्रव्य होते, त्यांपैकी शंभरात सुमारे ऐंशी जणांची ॲलर्जी दहा वर्षांत ओसरलेली आढळते.

आपण म्हणाल, “नसेना का पेनिसिलीन, औषधे पुष्कळ आहेत. दुसरे घेऊ.” मंडळी, घोडे नेमके येथेच पेंड खाते. काही ठिकाणी पेनिसिलीनच्या तोडीचे औषध नाही. शाळकरी मुलांचा घसा एका विशिष्ट जंतूने सुजतो, पुढे सांधे सुजवणारा ताप येतो, आणि तो ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो. याला रुमॅटिक फीवर म्हणतात. अशा मुलाला हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, लांबवर पुरणाऱ्या पेनिसिलीनची सुई द्यावी लागते. समजा, अशा एखाद्या मुलीच्या केसपेपरवर कोणी घाईत तो शेरा मारला, तर सुई बंद पडते. दुसऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्या चुकतात, ताप उलटतो, आणि झडप आणखी बिघडते. एका ओळीच्या शेऱ्याची किंमत त्या मुलीचे हृदय देते.

या सुईची भीती किती बाळगावी, याचाही हिशेब झाला आहे. १९९१ साली अनेक देशांतील मिळून १,७९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना एकूण ३२,४३० सुया दिल्या होत्या. ॲलर्जीचा काही ना काही त्रास ५७ जणांना झाला, तीव्र झटका चौघांना आला, आणि एक रुग्ण दगावला. पुढे २०२२ साली अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. ज्यांचे हृदय आधीच फार कमजोर आहे, त्यांच्यात सुईनंतर ओढवणारे काही मृत्यू ॲलर्जीचे नसून, वेदना आणि भीतीने घेरी येऊन रक्तदाब कोसळल्याचे असावेत. म्हणून अशा रुग्णाला निजवून, धीर देऊन, दुखणे कमी होईल अशा बेताने सुई द्यावी, आणि फारच अशक्त असेल त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या द्याव्यात.

गर्भवती स्त्रीला उपदंश, म्हणजे गरमी, झाली असेल तर पोटातल्या बाळाला वाचवणारे खात्रीचे औषध पेनिसिलीन हेच आहे. तिची ॲलर्जी खरी निघाली तर? त्यावरही तोड निघाली आहे. १९८५ साली अमेरिकेत अशा १५ स्त्रियांना अगदी थेंबाएवढ्या मात्रेपासून सुरुवात करून, थोड्या थोड्या वेळाने मात्रा वाढवत, पेनिसिलीन पचवायला लावले. पंधराही जणींना पुढे पूर्ण औषध देता आले. हे काम मोठ्या रुग्णालयातच करायचे असते, आणि औषध चालू आहे तोवरच ती सवय टिकते.

तिसरी हानी सगळ्या गावाची. पेनिसिलीन टाळून भारी आणि महाग औषधे वापरली की जंतू त्यांनाही दाद देईनासे होतात. २०१८ साली ब्रिटनमधील नोंदींवरून असे दिसले, की हा शेरा असणाऱ्यांना औषधांना न जुमानणाऱ्या एका हट्टी जंतूची बाधा होण्याचा धोका इतरांपेक्षा ६९ टक्क्यांनी अधिक होता.

आता पारख कशी करायची ते पाहू. पहिली पारख आहे ती विचारण्याची. औषध कोणते होते? किती वर्षांपूर्वी? घेतल्यावर तासाभरात त्रास झाला की चार दिवसांनी? गांधी उठल्या का, धाप लागली का, शुद्ध हरपली का? दवाखान्यात ठेवावे लागले का? त्यानंतर अमॉक्सिसिलीनची गोळी कधी घेतली का, आणि ती चालली का? अमॉक्सिसिलीन ही पेनिसिलीनचीच बहीण आहे. कित्येक जण ती बिनघोर घेतात आणि तरी “पेनिसिलीन चालत नाही” असे सांगतात! या प्रश्नांनीच पुष्कळ शेरे गळून पडतात.

दुसरी पारख कातडीवरची. अतिशय सौम्य केलेले औषध कातडीत टोचून पंधरा-वीस मिनिटांनी फुगा पाहतात. शेजारी नुसत्या सलाइनचा एक टोचा आणि खात्रीने फुगा आणणाऱ्या द्रव्याचा दुसरा टोचा हवा, तरच तुलना होते. घाईघाईने एक थेंब टोचून दोन मिनिटांत “टेस्ट आली” म्हणणे, ही पारख नव्हे.

तिसरी पारख गोळीची. ज्यांचा पूर्वीचा त्रास किरकोळ आणि जुना आहे, त्यांना डॉक्टरांच्या नजरेखाली गोळी देऊन बसवून ठेवतात. २०२३ साली ३७७ जणांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आधी कातडीची चाचणी केली, निम्म्यांना थेट गोळी दिली. दोन्ही गटांत एकेकालाच त्रास झाला. म्हणजे कमी धोक्याच्या माणसाला थेट गोळीची पारखही पुरते.

पण एक इशारा ध्यानात ठेवा. ही पारख घरी करायची नाही. आणि ज्यांना पूर्वी औषधाने अंगावर फोड येऊन कातडी सोलली, तोंड-डोळे आले, कावीळ झाली किंवा मूत्रपिंड बिघडले, त्यांनी हे औषध पुन्हा कधीही घेऊन पाहू नये. त्यांचा शेरा खराच आहे.

सुई कोणतीही असो, ती घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. तीव्र झटका आला तर पहिले औषध ॲड्रिनॅलिन. ते मांडीच्या स्नायूत ताबडतोब टोचावे लागते. गांधीवरची साधी सुई त्याची जागा घेऊ शकत नाही. रोग्याला आडवे निजवावे, पाय उंच करावेत, धाप असेल तर टेकवून बसवावे, पण उभे करून चालवत नेऊ नये.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती आहे. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्याचे ज्ञान देऊन दाखवले. गावाला समजावून सांगितले तर गाव समजून घेते, हे आपल्याच जिल्ह्याने सिद्ध केले आहे. तेव्हा शाळेच्या आरोग्य नोंदीत नुसते “पेनिसिलीन नको” असे लिहून घेऊ नका. पालकांना विचारून औषधाचे नाव, साल, किती वेळाने काय झाले आणि कोणता उपचार करावा लागला, एवढ्या चार गोष्टी लिहा. ज्या मुलाची तीन आठवड्यांची सुई चालू आहे, त्याची तारीख वहीत टिपून ठेवा, आणि ती चुकली तर घरी निरोप धाडा.

आणि श्रोतेहो, आपल्या घरातही कोणाच्या कागदावर हा शेरा असेल, तर तो स्वतः खोडू नका, अन् डोळे झाकून जन्मभर वागवूही नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांना एवढेच विचारा, “डॉक्टर, हा शेरा अजून खरा आहे का? तो तपासून घेण्याची सोय कोठे आहे?” खरा निघाला तर तो ठळक लिहून जपावा. खोटा निघाला तर तसेही लेखी घ्यावे आणि घरच्या साऱ्यांना सांगावे, म्हणजे उद्या निकडीच्या वेळी हाताशी असलेले औषध केवळ एका जुन्या शब्दापायी दूर राहणार नाही.