रानातून काचेत

ग्लासगोच्या माझ्या बागेत, उत्तरेकडच्या भिंतीशी ‘व्हिक्टोरिये’ नावाचा नेचा आहे. त्याच्या पात्या जोडीजोडीने एकमेकींना छेदतात आणि पानभर फुल्यांची जाळी दिसते. १८६१ साली जवळच्याच ड्रायमेन गावापाशी जेम्स कॉश या विद्यार्थ्याला तो रानात सापडला. आजचं प्रत्येक अस्सल रोप म्हणजे त्याच गड्ड्याचा तुकडा. बीजाणूंची पिल्लं हुबेहूब तशी निघत नाहीत.

तेव्हा अख्ख्या ब्रिटनला नेच्यांनी झपाटलं होतं. लंडनच्या कोळशाच्या धुरात डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांच्या बागेतले नेचे जगेनात. १८२९च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली, आणि तिच्यात नेचा उगवला! त्यातून काचपेट्या आल्या. १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला, रेल्वे डोंगरापर्यंत पोचली, आणि दिवाणखान्यात नेचा नाही असं सुखवस्तू घर विरळाच. चार्ल्स किंग्जलींनी १८५५ मध्ये या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ म्हटलं.

रानाने त्याची किंमत मोजली. आयर्लंडचा पारदर्शक पानांचा किलार्नी नेचा, मॉफटच्या डोंगरातला इवलासा वुडसिया, दोन्ही जवळजवळ संपेपर्यंत खणून नेले. मला याचा राग येतो, कारण खणायची गरजच नव्हती. जमैकातले शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी नेचे बीजाणूंपासून कसे उगवतात हे १७९४ मध्येच छापून सांगितलं होतं. पण त्याला महिनोन्‌महिने लागतात, आणि फावडं हाताशीच होतं.

तरी १८९१ मध्ये केंडलला नेचेप्रेमींनी जी संस्था काढली तिचे सभासद आजही एकमेकांना बीजाणू पाठवतात. मी तेच पेरते. कुंडीतल्या मातीवर उकळतं पाणी ओतायचं, गार झाल्यावर बीजाणू भुरभुरायचे, वर काच. आधी हिरवी साय धरते, मग नखाहून लहान हृदयाकार पापुद्रे. ते ओलेच राहायला हवेत, पाण्याशिवाय त्यांचं फलन होत नाही. रत्नागिरीच्या चिऱ्यांच्या गडग्यांवर पहिल्या पावसानंतर नेचे कसे फुटतात ते लहानपणापासून पाहिलं होतं; कारण इथे कळलं.

मोठी झालेली रोपं सावलीत, पालापाचोळ्याच्या खतात लावते, गड्ड्याचं तोंड मातीच्या वर ठेवून. वाळकी पानं हिवाळाभर काढत नाही, दहिवरापासून गड्ड्याला तेवढंच पांघरूण. मार्चमध्ये नवे कोंब उलगडायच्या आत ती छाटते.