उचल्या: जन्माआधीच रजिस्टरमध्ये नाव

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. एका मुलाची गोष्ट आहे आणि त्याच्या जन्माच्या कितीतरी वर्षं आधी झालेल्या एका कायद्याची.

पुस्तकाचं नाव 'उचल्या', लेखक लक्ष्मण गायकवाड. हे पुस्तक आलं १९८७ साली आणि १९८८ ला त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तसं हे आत्मकथन, पण वाचताना कादंबरीसारखं धरून ठेवतं. लातूरजवळच्या धनेगावातला एक पोरगा. घरातली बरीच माणसं चोरीवर जगणारी. भाऊ खिसे कापतात, बाजारात, गर्दीत हात मारतात, आणि त्या पैशावर चूल पेटते. समाजाचं नावच उचल्या, म्हणजे उचलणारा.

यातला मला सगळ्यात जास्त हादरवणारा भाग म्हणजे ट्रेनिंग. पोरांना हातचलाखी शिकवायची हे समजू शकतं. पण इथे पोरांना मार खायलाही शिकवतात. घरचेच लोक मारतात. का? तर उद्या पोलिसांनी पकडून झोडपलं तरी तोंडातून साथीदाराचं नाव निघता कामा नये. विचार करा, आपल्याला त्या वयात पाढे पाठ करायला लावत होते.

आता आपण पटकन म्हणतो, 'वाईट कुटुंब, वाईट संस्कार.' इथेच थांबून थोडं मागे जाऊ.

साल १८७१. ब्रिटिश सरकारने क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा. डोक्यात गणित सोपं होतं: सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. सरकारने एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची रजिस्टरमध्ये नोंद करता यायची. मग हजेरी द्या, पास काढल्याशिवाय ठरवून दिलेली हद्द सोडू नका. आणि या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हानच देता येत नव्हतं! गुन्हा सिद्ध करायची भानगडच नाही. जन्म हाच पुरावा.

सुरुवातीला हा कायदा उत्तर भारतापुरता होता, १९११ मध्ये तो देशभर लागू करायची सोय झाली. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं साल १८९७. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ४ ते १८ वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. ४ वर्षांचं पोर! मोठ्या माणसांसाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती होत्या, त्यांना 'सेटलमेंट' म्हणत. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसं गिरण्यांत राबायची. सोलापूरकर श्रोत्यांना 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव माहीत असेल. ते या इतिहासातूनच आलंय.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये गेला, देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन'. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जुनं टेबल डिलीट झालं, पण डेटा आधीच नव्या टेबलमध्ये कॉपी झाला होता.

'उचल्या'मधला पोरगा या नव्या जमान्यात वाढतो. कायदा संपलाय, पण गावात कुठे चोरी झाली की पोलीस याच वस्तीवर येतात. काम मागायला गेलं तर कोण देणार? चोराला घरात कोण घेणार? काम नाही म्हणून चोरी, चोरी म्हणून काम नाही. या चक्रात संस्कार हा शब्द फार तोकडा पडतो.

आणि या सगळ्यात त्याचे वडील त्याला शाळेत घालतात. आपल्याला वाटेल, वा, आता सुटला! पण नाही. वस्तीत पोरांना हगवण-ओकारी लागते आणि लोक म्हणतात, या घरातलं पोर शाळेत जायला लागलं म्हणून देव कोपला. म्हणजे गाव याला चोर म्हणून दूर ठेवतं आणि वस्ती याला शिकतो म्हणून दोष देते. मला वाटतं, या पुस्तकातलं 'मोठं होणं' म्हणजे हेच आहे. दोन्हीकडून ढकललं जात असताना स्वतःची जागा शोधणं. पुढे तो लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो, कामगारांसाठी भांडतो. १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासोबत विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी देशपातळीवर जी संघटना उभी राहिली, तिच्यातही लक्ष्मण गायकवाड होते.

हे सगळं जुनं झालं असं वाटतंय? ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगांच्या नियमावलीतल्या जातिभेदावर निकाल दिला. काही राज्यांच्या नियमांत विमुक्त जमातीच्या माणसाला सराईत गुन्हेगार धरायची वाट अजून उघडी होती. ती कोर्टाला बंद करावी लागली. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षं झाली होती.

पुस्तक फार जाड नाही, भाषा बोलीतली आहे. पहिली काही पानं अडखळाल, मग सरावाल. वाचताना एक करून बघा: त्या घरातली प्रत्येक चोरी आली की त्याआधी कुठला दरवाजा बंद झाला होता ते शोधा. सापडलं तर मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!