कबड्डीत पुनरागमन (एसीएल दुखापतीनंतरचे)

गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट फाटल्यानंतर उपचार, व्यायाम आणि चाचण्या या टप्प्यांतून खेळाडूने पुन्हा सामन्यात उतरणे. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरके जोडणारा हा बंध नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पाय वळताना सांधा आवरून धरतो. सरळ चालायला त्याची फारशी गरज पडत नाही, पण वळायला पडते. कबड्डी हा तर वळण्याचाच खेळ.

चढाईपटू निदान रेषा ओलांडून कोपऱ्याकडे झेपावतो आणि स्पर्श होताच मध्यरेषेकडे गिरकी घेतो. त्या क्षणी पाऊल जमिनीवर घट्ट असते, धड मात्र वळलेले असते. घोटा पकडीत तर पाय दुसऱ्याच्या हातात अडकलेला असतो. मातीवर पाऊल थोडे घसरते. मॅटवर रबरी तळव्याचा बूट घट्ट धरून राहतो आणि वळणाचा ताण गुडघ्याकडे जातो. फाटताना अनेकांना आतून ‘कट्’ असा आवाज जाणवतो आणि काही तासांतच सांध्यात रक्त साचून गुडघा सुजतो. अशा गुडघ्याला लगेच मालीश करणे किंवा शेक देणे टाळावे. बर्फ, आधार आणि अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी हाच योग्य मार्ग होय.

खरा धोका सूज उतरल्यावर सुरू होतो. काही आठवड्यांत खेळाडू जिने चढतो, सरळ धावतोही, आणि आपण बरे झालो असे त्याला मनापासून वाटते. मग पहिल्याच वळणावर गुडघा सटकतो. असे प्रत्येक सटकणे आतल्या गादीला इजा करू शकते, आणि गादी गेली की ऐन तारुण्यात सांध्याची झीज सुरू होते. नी-कॅप फाटलेल्या लिगामेंटचे काम करू शकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन खेळणारा खेळाडू तर सांध्याची उरलेली सूचनाही बंद करून टाकतो.

प्रत्येक एसीएल दुखापतीला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. तथापि वळणाच्या खेळात परतायचे असेल तर बहुधा तिचा सल्ला दिला जातो. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेऊन नवा बंध बसवतात. या कंडरेला नवा रक्तपुरवठा मिळून तिचे लिगामेंटसारख्या ऊतीत रूपांतर व्हायला कित्येक महिने लागतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ती कमकुवतच असते. गुडघा मात्र त्याआधीच दुखायचा थांबलेला असतो.

म्हणून नऊ महिन्यांचा दंडक महत्त्वाचा. नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या महिन्यापर्यंत पुनरागमन जितके लांबवले, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचा दर सुमारे ५१ टक्क्यांनी कमी आढळला. पण नुसते कॅलेंडर पुरत नाही. त्याच अभ्यासात चाचण्यांचे निकष पूर्ण न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला. निकष पूर्ण करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांहून कमी होते.

निकष साधारणतः असे: मांडीच्या स्नायूंची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असणे आणि एका पायावरच्या उड्यांतही तितकीच बरोबरी साधणे. उड्या चार प्रकारच्या असतात: एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना तीन उड्या आणि ६ मीटर अंतर वेळ लावून. उड्यांना लागते ती मोजपट्टी आणि स्टॉपवॉच, त्यामुळे गावातल्या मंडळालाही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली त्या घेता येतात. ताकद मात्र वेगळी मोजावीच लागते, कारण मांडी दुबळी असूनही नितंब आणि घोट्याच्या जोरावर खेळाडू लांब उडी मारून जातो. शिवाय महिनोन्‌महिने विश्रांती घेतलेला दुसरा पायही अशक्त झालेला असतो, तेव्हा त्याच्याशी बरोबरी झाली म्हणून फार खूश होऊ नये.

मैदानावर परतणे टप्प्याटप्प्याने होते. सरळ धावणे, मग ठरलेल्या दिशेने वळणे, त्यानंतर स्पर्शाविना चढाई, पुढे आधी सांगून केलेली घोटा पकड आणि सर्वांत शेवटी पूर्ण बचावफळीसमोर तीस सेकंदांची चढाई. या शेवटच्या टप्प्यावर भीती आडवी येते. अंगात ताकद असूनही पाय टाकायला मन धजत नाही. ही तयारी मोजण्यासाठी २००८ पासून बारा प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरात आहे. भीतीला भित्रेपणा म्हणून हिणवणारा प्रशिक्षक खेळाडूचे नुकसानच करतो.

पुनरागमन शक्य आहे, पण सहज नाही. २०१४ च्या एका व्यापक आढाव्यानुसार शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणाऱ्यांचे प्रमाण ५५ टक्के होते. रिओ ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०१६ मध्ये गुडघा दुखावलेली कुस्तीगीर विनेश फोगट मे २०१७ मध्ये दिल्लीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उतरून रौप्यपदक जिंकली आणि तिने २०१८ मध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदकही मिळवले. अशा खेळाडूंमागे डॉक्टर, फिजिओ आणि प्रशिक्षक उभे असतात. तालुक्याच्या मैदानावरच्या मुलामागे अनेकदा कुणीच नसते. समोर निवड चाचणी असते आणि संघात जागा मिळाली तर नोकरीची आशा असते. त्यामुळे ‘खेळू का?’ हा प्रश्न त्याच्या एकट्यावर सोडणे अन्यायाचे ठरते.

पंचविशीच्या आतले जे खेळाडू पुन्हा खेळू लागतात, त्यांच्यापैकी जवळपास चौथ्या भागाला दुसरी एसीएल दुखापत होते, कधी त्याच गुडघ्यात तर कधी दुसऱ्या. म्हणून पुनरागमनानंतरही ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम चालूच ठेवावे लागतात. संघचालकांनी एवढे तरी करावे: चाचण्यांत न उतरलेल्या खेळाडूचे नाव, तो कितीही गयावया करो, बारा जणांच्या यादीत घालू नये.