कानाशी गुणगुण

गेल्या शनिवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो आणि कानाशी डास आला. एरवी टाळी वाजवून विषय संपवला असता. पण गेल्या पावसाळ्यात रूममेट डेंग्यूने आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होता. रोज प्लेटलेट्सचा आकडा ऐकताना पोटात गोळा यायचा. तेव्हापासून ही गुणगुण ऐकली की झोप उडते. म्हटलं, उडालीच आहे तर हा आवाज येतो कुठून ते तरी बघू. झालं, डोक्यात भुंगा शिरला! :)

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, ८ ऑगस्ट १६६६ ला. सॅम्युअल पेप्सला रस्त्यात रॉबर्ट हूक भेटला. (हो, तोच आपला स्प्रिंगवाला!) हूक म्हणाला, उडणाऱ्या माशीचा सूर ओळखून ती किती वेळा पंख मारते ते मी सांगू शकतो. पेप्सने हे डायरीत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं. ना कॅमेरा, ना ऑसिलोस्कोप. नुसता कान!

हे जमतं कसं? दर फडफडीला पंख हवेला ढकलतो, दाब वर-खाली होतो आणि ती लाट कानापर्यंत येते. सेकंदाला ४०० फडफडी म्हणजे ४०० हर्ट्झचा सूर. पण पंख काही पत्र्याचा नसतो. तो वाकतो, पिळतो, फेरीच्या टोकाला उलटतो, तसा हवेवरचा जोरही बदलत राहतो. त्यामुळे साधी साइन वेव्ह उरत नाही, मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट सूरही त्यात मिसळतात. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ऐकू येतो ना, तसंच काहीसं.

पुढे १८६९ च्या सुमारास फ्रान्सच्या एत्येन-ज्यूल मारेने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर माशीच्या पंखाचं टोक घासू दिलं आणि ओरखडे मोजले. सेकंदाला ३३०!

पण हे ऐकतं कोण? १८७४ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड मेयरने डासासमोर ट्यूनिंग फोर्क वाजवला, तर नराच्या मिशांवरचे केस थरथरले. आणि २००९ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी कमालच दाखवली. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी ४०० हर्ट्झच्या आसपास गुणगुणते, नर ६०० च्या. म्हणजे चक्क सा आणि प! जवळ आले की दोघं पंखांचा वेग किंचित बदलतात आणि तिचा तिप्पट सूर, त्याचा दुप्पट सूर १२०० वर जुळवून घेतात.

थोडक्यात, माझी झोप उडवणारा आवाज म्हणजे त्यांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आहे. यात गंमत आहेच, पण कामाची गोष्टही आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले नर सोडून डास कमी करायचे असतील, तर ते नर सुरात लागायला हवेत. नाहीतर माद्या त्यांना विचारणारच नाहीत.

असो. शनिवारच्या त्या डासाचं काय झालं ते विचारू नका. मी मात्र उठलो आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून टाकलं.