एलेन्दिलची मुद्रा

७. एलेन्दिलची मुद्रा : टॉल्किनच्या कथाविश्वातील गोंडोर राज्याचा मूळपुरुष एलेन्दिल आपल्या शिक्क्यांवर तीनच अक्षरे वापरी : ल, न्द, ल. एल्फांच्या तेंग्वार लिपीत स्वर व्यंजनावर चिन्हांनी दाखवतात. आपल्या मात्रांसारखी ती चिन्हे गाळली, की नावाचा एवढाच सांगाडा उरतो. ‘न्द’साठी या लिपीत एकच अक्षर असल्याने तीन खुणांत नाव पुरे होते. एलेन्दिलच्या गुप्त समाधीवरील शिळेवरही हीच तीन अक्षरे कोरलेली होती. ही माहिती मुख्य कादंबरीत नाही. टॉल्किनच्या मृत्यूनंतर मुलगा ख्रिस्तोफर याने १९८० मध्ये संपादित केलेल्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मधील एका टिपेत ती येते.

पुढे टॉल्किनच्या कालगणनेतील तिसऱ्या युगाच्या २०५० साली गोंडोरचा राजा एआर्नूर निपुत्रिक नाहीसा झाला आणि कारभार प्रतिशासकांकडे गेला. मार्दिलपासून दुसऱ्या देनेथोरपर्यंत अशा सव्वीस जणांनी राज्य केले, पण राजचिन्हे कोणी उचलली नाहीत. त्यांचे निशाण कोरे पांढरे, हाती पांढरी छडी, आणि आसन सिंहासनाच्या पायरीशी. प्रस्तुत प्रकरणातील ‘राजाविना राज्य’ हा उल्लेख या काळाचा आहे. — संपा.