यंत्राची नजर आणि वैनगंगेकाठची कावीळ

भंडारा जिल्ह्यांत कावीळ हें कांहीं नवल नव्हे. डोळे पिवळे झाले कीं गांवांतील जाणत्याकडून पाला आणावयाचा, पथ्य पाळावयाचें आणि वाट पाहावयाची, ही जुनी रीत. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील साकोलीकडच्या एका विद्यार्थ्यानेंही तेंच केलें. त्याचे सांधे वारंवार दुखत, डोळे पिवळे होत. पुढें नागपुरास तपासणी झाली, तेव्हां मूळ विकार सिकल सेलचा निघाला. आणि विशी उलटण्यापूर्वींच त्याचें पित्ताशय खड्यांनीं भरलेलें आढळलें. त्या निमित्तानें या शस्त्रक्रियेचा इतिहास आम्हीं चाळला.

धानाच्या या मुलखांत विळा म्हणजे अन्नाचें साधन. परंतु आईबाप दोघांकडून हा दोष आलेल्या मुलाच्या रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात आणि लवकर फुटतात. त्यांतून सुटलेलें रंगद्रव्य पित्तांत उतरतें व त्याचे काळे खडे बनतात. अशा पेशींचें वर्णन शिकागोच्या हेरिक यांनीं १९१० सालीं केलें. मध्य भारतांतील दोषाची नोंद शुक्ला आणि सोळंकी यांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें केली. पूर्व विदर्भांतील इतर जिल्ह्यांप्रमाणें भंडाऱ्यांतही हा विकार पुष्कळ आहे. त्यामुळें इतरत्र प्रौढांचा समजला जाणारा खड्यांचा रोग येथें शाळकरी मुलांतही दिसतो.

पूर्वीं शल्यवैद्य पित्ताशय उघडून खडे काढीत व पिशवी जागींच ठेवीत. बर्लिनच्या लांगेनबुख यांनीं १८८२ सालीं ती पिशवीच काढून टाकली. खडे तींत असतात म्हणून नव्हे, तर ती खडे निर्माण करिते म्हणून. पुढें १९८५ सालीं जर्मनींतच म्यूहे यांनीं लहानशा छिद्रांतून दुर्बिणीनें तेंच काम केलें. स्वकीय शल्यवैद्यांनीं त्यांची उपेक्षा केली. नव्या वाटेनें जाणाऱ्याचें स्वागत विद्वानांच्या सभेंत क्वचितच होतें, हें आम्ही महाविद्यालयीन लोक चांगलें जाणतों! १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनीं ही रीत भारतांत आणिली.

जखम लहान झाली, पण एक जुनें भय वाढलें. हाताचा स्पर्श गेला आणि सारी भिस्त पडद्यावरील सपाट चित्रावर आली. पित्ताशयाची नळी समजून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याचा प्रसंग हजारांत दोन-चारदांच येतो; परंतु ज्याच्यावर येतो त्याचें आयुष्य बिघडतें. कुशल माणसाच्या हातूनही हें घडतें, कारण बहुधा चूक हाताची नसून डोळ्याच्या भ्रमाची असते. म्हणून अमेरिकेंतील स्ट्रासबर्ग यांनीं १९९५ सालीं नियम घातला: भोंवतालची चरबी दूर करावी, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करावा, त्यांत दोनच नळ्या शिरतात हें स्पष्ट दिसावें, मगच कापावें.

या भ्रमावर आतां कृत्रिम बुद्धीचा उपाय पुढें आला आहे. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथें १३ शल्यवैद्यांनीं केलेल्या ८० शस्त्रक्रियांच्या चित्रफिती यंत्राच्या अभ्यासासाठीं खुल्या झाल्या. टोरोंटोच्या मदानी यांच्या मंडळीनें ३७ देशांतील २९० चित्रफिती घेऊन यंत्रास असें शिकविलें कीं, तें पडद्यावर सुरक्षित जागा हिरवी आणि धोक्याची तांबडी दाखवितें.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. अनुभवी शल्यवैद्यांनीं चित्रांवर ज्या खुणा केल्या, त्यांवरून यंत्र शिकलें. म्हणजे ती अनेकांची एकत्र केलेली साक्षच होय. साक्ष आली कीं साक्षीदार कोण, हें विचारण्याची आम्हां इतिहासाच्या लोकांना खोड असते. वारंवार सुजून चिकटलेलें कोंवळ्या मुलाचें पित्ताशय या चित्रांत कितीदां होतें, हें विचारल्यावांचून आम्ही तरी हिरव्या रंगावर विसंबणार नाहीं. भंडाऱ्याच्या मुलास त्या पडद्यापेक्षां रक्ताच्या चाचणीची घाई अधिक आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांत शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनें ७ कोटी लोकांच्या तपासणीचें उद्दिष्ट ठेविलें, तें याचसाठीं.

आमच्या विद्यार्थ्याचें पित्ताशय नागपुरास एका शल्यवैद्यानें केवळ आपल्या डोळ्यांच्या भरंवशावर सुखरूप काढलें. खडे त्यानें लहान बाटलींत घालून आम्हांस दाखवावयास आणिले होते. कोळशाच्या चुऱ्यासारखे काळे.