‘सिटिझन केन’ कुणी लिहिला? हॉलिवूडच्या इतिहासावरची पुस्तकं वाचताना काय पाहायचं?

२०२० मध्ये नेटफ्लिक्सवर डेव्हिड फिंचरचा ‘मँक’ आला आणि एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटलं. १९४१ च्या ‘सिटिझन केन’ची पटकथा नेमकी कुणाची? दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांची की हर्मन मँकिविझ यांची? श्रेयनामावलीत दोघांचीही नावं आहेत, ऑस्करही दोघांना मिळालं. तरीही वाद का? उत्तर पुस्तकांमध्ये आहे.

वाद कसा सुरू झाला?

१९७१ मध्ये समीक्षक पॉलीन केल यांनी ‘रेझिंग केन’ हा दीर्घ लेख लिहिला. पटकथा जवळपास पूर्णपणे मँकिविझ यांचीच, असा त्यांचा दावा होता. पण वेल्स यांच्याशी त्या बोललेल्याच नव्हत्या.

पुढे अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांनी आरकेओ स्टुडिओतले पटकथेचे मसुदे एकेक करून तपासले. सुरुवातीचे मसुदे मँकिविझ यांचे होते, पण पुढच्या मसुद्यांत वेल्स यांनी मोठे बदल केल्याचं त्यातून दिसलं. त्यांचं ‘द मेकिंग ऑफ सिटिझन केन’ हे पुस्तक १९८५ मध्ये आलं. तरीही लोकांच्या लक्षात राहिली ती केल यांचीच गोष्ट.

स्टुडिओंकडे एवढे कागद का?

कारण तेव्हाचे स्टुडिओ कारखान्यासारखे चालायचे. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स आणि आरकेओ या पाच मोठ्या कंपन्या चित्रपट बनवायच्या, वितरित करायच्या आणि त्यांची स्वतःची थिएटर्सही होती. कलाकार करारावर बांधलेले असायचे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी खटल्यात स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर त्यांना थिएटर्सपासून वेगळं व्हावं लागलं आणि ही व्यवस्था ढासळू लागली. मागे राहिले करार, बजेट आणि अंतर्गत पत्रं. यातला मोठा साठा पुढे विद्यापीठांकडे गेला आणि अभ्यासकांना खुला झाला.

कोणती पुस्तकं वाचावीत?

थॉमस शॅट्झ यांचं ‘द जीनियस ऑफ द सिस्टिम’ (१९८८) याच कागदपत्रांवर उभं आहे. चांगला चित्रपट हे एकट्या दिग्दर्शकाचं काम नसून निर्माते, लेखक आणि स्टुडिओची यंत्रणा यांच्या ओढाताणीतून तो तयार होतो, हे ते दाखवतं.

रूडी बेलमर यांनी संपादित केलेल्या ‘इनसाइड वॉर्नर ब्रदर्स’ (१९८५) मध्ये मूळ पत्रंच वाचायला मिळतात. ही पत्रं आणि चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, तर पडद्यामागचे निर्णय कसे व्हायचे ते कळतं.

नील गॅब्लर यांचं ‘अ‍ॅन एम्पायर ऑफ देअर ओन’ (१९८८) स्टुडिओ उभे करणाऱ्या ज्यू स्थलांतरितांची कहाणी सांगतं.

मग आठवणींना किंमतच नाही का?

आहे. मूकपटांच्या काळातले असंख्य चित्रपट नष्ट झाले आहेत. अशा वेळी केव्हिन ब्राउनलो यांनी त्या काळातल्या कलाकार-तंत्रज्ञांशी बोलून लिहिलेलं ‘द परेड्स गॉन बाय’ (१९६८) हे मोलाचं ठरतं.

दुसऱ्या टोकाला आहे केनेथ अँगर यांचं ‘हॉलिवूड बॅबिलॉन’. अभिनेत्री क्लारा बोबद्दलची त्यातली बदनामीकारक कहाणी खोटी असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. तरी तिच्या नावाला चिकटलेली ती अफवा अजूनही फिरते.

अर्थात, फाइलसुद्धा पूर्ण सत्य सांगत नाही. स्टुडिओतली पत्रं अनेकदा स्वतःची बाजू सुरक्षित ठेवण्यासाठी लिहिली जायची आणि फोनवर झालेलं बोलणं फाइलमध्ये येत नाही.

त्यामुळे हॉलिवूडचा एखादा भन्नाट किस्सा शेअर करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : तो कुणी सांगितला, किती वर्षांनी सांगितला आणि त्याला कागदाचा आधार आहे का. श्रेय कुणाचं आणि बदनामी कुणाची, हे बऱ्याचदा यावरच ठरतं.